सफरचंदाचा पाय

आईच्या जिभेच्या कडेला जखम झाली ती मिश्रीमुळे. लग्न होऊन येडगावात आली तेव्हापासून ती रोज सकाळी दातांना तंबाखूची मिश्री लावायची, आणि आमच्यापैकी कुणी त्यावर कधी काही बोललं नाही. ऑपरेशन झालं, मग रेडिएशन ठरलं आणि ती माझ्याकडे पुण्यात राहायला आली. सोमवार ते शुक्रवार रोज हॉस्पिटल. शनिवार-रविवार सुट्टी.

पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्यात तोंड आतून सोलवटलं. वरण झोंबायचं, दूध झोंबायचं, पाणीसुद्धा ती डोळे घट्ट मिटून गिळायची. तिसऱ्या आठवड्यात ताट समोर आलं की ती भिंतीकडे तोंड फिरवू लागली. डॉक्टरांनी वजन बघितलं आणि सांगितलं, "असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल."

रिक्षात आईने माझा हात धरला. ऑपरेशननंतर तिचं बोलणं जड झालं होतं, शब्द ओले ओले यायचे. "नळी घालू देऊ नको. माझ्या भावाला घातली व्हती. त्यो पुन्यांदा जेवलाच न्हाई. शपथ घे माझी."

मी शपथ घेतली.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक बेकरी आहे. ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला तरच मी तिथे जायचे. काचेच्या कपाटात कपकेक, त्यांच्यावर क्रीमचे गुलाबी तुरे, खालच्या फळीवर मैद्याच्या कवचात फळ भरून भाजलेले वाटीएवढे छोटे पाय, आणि बाहेर बाकांवर कॉफी पीत बसलेली कॉलेजची मुलं. त्या दुपारी मी आत शिरले आणि काउंटरवरच्या बाईला विचारलं, "चावायला लागणार नाही असं काय आहे?"

ती साधारण माझ्याच वयाची होती. "लहान बाळासाठी का?"

"आईसाठी," मी म्हणाले आणि मला एकदम रडू कोसळलं. मागे लोक उभे होते. तिने मला आतल्या स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग एक साधा कपकेक आणि एक सफरचंदाचा पाय बांधून दिला. म्हणाली, "यात दालचिनी आहे, आज थोडासाच देऊन बघा. उद्यापासून मी तुमचा वेगळा करते. दालचिनी नाही, लिंबू नाही."

कपकेकचा भुगा आईच्या घशाला चिकटला आणि तिला ठसका लागला. मी घाबरून पाठ चोळत बसले. बऱ्याच वेळाने दुसरा डबा उघडला.

"ह्ये काय हाय?"

"अ‍ॅपल पाय."

"पाय? कुनाचा?"

आणि ती हसली. हसताना तिला दुखत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी हसत राहिली. मग तिने आतलं मऊ सफरचंद चार चमचे खाल्लं. वरचं कवच मी खाल्लं, उभ्या उभ्या, ओट्यापाशी.

त्यानंतरचे दहा दिवस त्या पायवर निघाले. मी सकाळी शटर वर जायच्या आधीच बेकरीपाशी उभी असायचे. बाईने एखादा दिवस सुट्टी घेतली तर, भट्टी बिघडली तर, या भीतीने मी रोज निघताना तिला विचारायचे, "उद्या आहात ना?" वजन अजून उतरतच होतं, पण हळूहळू. डॉक्टर काही बोलले की मी म्हणायचे, "खातेय ती. खातेय."

मग एका शनिवारी आईने हट्ट धरला, घरी जायचं. मी तीन पाय डब्यात घेतले आणि आम्ही एसटीने नारायणगावला उतरून येडगावला गेलो. संध्याकाळी तिने एक खाल्ला, ओसरीत बसून, धरणावरून येणारा वारा घेत. उरलेले दोन फ्रीजमध्ये ठेवले. लाईट गेली ती सकाळपर्यंत आलीच नाही. झाकण काढलं तर सफरचंद आंबलं होतं, फेस आला होता.

मी घरीच सफरचंदं शिजवली, घोटली, गाळली. तिने चमचा ओठांना लावून खाली ठेवला. "त्ये न्हाई ह्ये." दुपारपर्यंत ती पाणीही घेईना.

शेजारच्यांची स्कूटर घेऊन मी निघाले. नारायणगावात तीन बेकऱ्या पालथ्या घातल्या. एका दुकानदाराने सांगितलं, "पाय इथं नाय मिळायचे ताई, फुडं मटनाच्या दुकानात बघा." मला हसू आलं नाही. तशीच जुन्नरला गेले. तिथे बाजारात एक जुनी मुस्लिम बेकरी आहे, खारी आणि नानकटाईची. मालक म्हातारे, पांढरी दाढी, हातात भट्टीत पाव सरकवायचं लांब दांड्याचं फळकुट. त्यांनी पाय हा शब्दच ऐकला नव्हता.

"काय काय आसतं त्यात, तेवढं सांगा," ते म्हणाले. "आन् कुनासाठी पायजे?"

मी सांगितलं. त्यांनी समोरच्या गाडीवरून सफरचंदं मागवली, स्वतः सोलली, लोण्यात परतली, मैद्याच्या पारीत भरली आणि भट्टीत सरकवली. मी पिठाच्या पोत्यावर तासभर बसून होते. देताना म्हणाले, "मीठ आजिबात नाय घातलं. तोंड सोललं आसंल त्यांचं. जा, आमी दुवा करतो."

ओझरला देवळाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती. मी थांबले नाही. एक हात हँडलवर ठेवून दुसरा कपाळाला लावला.

घरी पोचले तेव्हा पाय अजून कोमट होता. आईने पहिला चमचा तोंडात घेतला, बराच वेळ तसाच धरला आणि वाटीत टाकला. दुसराही टाकला. तिसऱ्याला मी तिची हनुवटी धरली. "गिळ. एकच. एकच गिळ ना गं." मी ओरडत होते, आणि मला ते कळत नव्हतं.

तिने माझं मनगट पकडलं.

"बास," म्हणाली. "उद्या नळी घालू दे."

"तू शपथ घातली होतीस मला."

"घातली व्हती. पन तू किती पळशील? आन् मला भूक लागलीया गं. लई भूक लागलीया."

इतके दिवस मला वाटत होतं, तिची खायची इच्छा गेलीय. ती उपाशी आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी शपथ पाळत होते आणि ती भुकेने तडफडत होती.

सोमवारी नळी घातली. नर्सने पहिलं दूध सोडलं, आणि थोड्या वेळात आईला झोप लागली. कित्येक आठवड्यांनी तिला अशी गाढ झोपलेली बघत होते. रेडिएशन पूर्ण झालं. दोनेक महिन्यांनी नळी निघाली. तिच्या भावाचं दुखणं वेगळं होतं, नळीने काही झालं नव्हतं. हे डॉक्टरांना आधीच विचारता आलं असतं. मी विचारलं नाही.

आता ती येडगावात असते. तपासणी जवळ आली की माझी झोप उडते, हातातली कामं चुकतात. परवा तिने फोन केला.

"आज आर्दी भाकर खाल्ली. दुदात कुस्करून."

"खरंच?"

"मंग काय खोटं बोलू का?" ती म्हणाली, आणि शेजारणीशी बोलायला लागली. फोन बंद करायचं विसरली. मी कितीतरी वेळ तो कानाला लावून ऐकत बसले.