शेवटासकट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, मुलींना नाही, देवापुढे बसूनसुद्धा नाही. देवाला ठाऊक असेल तर असो, मी तोंड उघडलं नाही. चारचौघांत मला बोलताच येत नाही. वहीत येतं. म्हणून वहीत.

वही सिनेमाची आहे. चौथी शिकलेली बाई सिनेमाची परीक्षणं लिहिते म्हणून हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. आमचे हे हुबळीत एका थेटरात तिकीटखिडकीवर होते, त्यामुळे खेळ बदलला की मला पास मिळायचा. दुपारी, बायकांच्या बाजूला, मी एकटी. देवादिकांचे, तलवारीचे, खुनाचे, रडके, माझ्या आईच्या वेळचे पुन्हा लागलेले — मराठी, हिंदी, कानडी, काही सोडलं नाही. जुन्या सिनेमात नट ओरडतात, पण बाईच्या चेहऱ्यावर उजेड नीट पाडतात. तलवारीच्या सिनेमात राजा कुठलाही असो, घोडा तोच असतो. हे कुठल्या पेपरवाल्याने लिहिलं का? मी लिहिलं.

एका सिनेमाला एक पान. गोष्ट, कामं, गाणी, शेवट, शेरा असे रकाने. शेरे तीनच: भेश म्हणजे झकास, चालेल आणि ब्यासर. ब्यासर हा कानडी शब्द. आपला ‘कंटाळा’ त्याच्यापुढे फिका पडतो.

पेपरवाले शेवट लिहीत नाहीत. म्हणे मजा जाते. पण ज्या माणसाला थेटरात पाऊलच टाकायचं नाही, त्याची कसली मजा आणि कसलं काय? मी शेवटासकट लिहीत होते, कारण वही वाचणारं माणूस एकच होतं. माझी नणंद.

सिंधू तिचं नाव. वयाने माझ्याहून लहान, पण मी वन्संच म्हणायची. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती कमरीपेठेत आमच्याकडे परत आली. विधवेने सिनेमा बघायचा नाही, हा सासूबाईंचा कायदा. मग मी बघून यायची, लिहायची, आणि वन्सं चुलीपाशी बसून वाचायच्या. त्या सातवी होत्या. माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारत सुधारत वाचायच्या आणि पान उलटायच्या आधी विचारायच्या, “मग गं? पुढं काय झालं?”

मला आयुष्यात दुसऱ्या कुणी ‘पुढं काय’ विचारलेलं नाही. हे लिहिते ते सबब म्हणून नव्हे. पुढे कळेल.

धारवाड-हुबळी म्हैसूर राज्यात गेली, त्यानंतर दोन-तीन वर्षांत धारवाडच्या मळमड्डीतल्या एका मास्तरांचा निरोप आला. बायको वारलेली, एक लहान मुलगी. वन्संना मागणी. सासूबाईंना न सांगता हे मला म्हणाले, “तिचं मन काढ. ती हो म्हणाली तर मी आईचं बघून घेतो.” माझा नवरा एवढा धीट असेल असं मला वाटलं नव्हतं.

मी विचारलं. वन्सं पोळ्या लाटत होत्या.

“दिसायला कसे आहेत?”

“उंच आहेत. कान मोठे आहेत.”

“बरंय की. ऐकतील तरी.”

दोघी पदर तोंडात धरून हसलो. मग त्यांचं लाटणं थांबलं. त्याच आठवड्यात थेटरात एका विधवेच्या दुसऱ्या लग्नाचा सिनेमा लागला होता, गल्लीभर त्याचीच चर्चा. म्हणाल्या, “वैनी, तो बघून ये. नीट लिही. मग सांगते.”

“सिनेमावरून लग्न ठरवता होय?”

“मग कशावरून ठरवू? मी दुसरी कुठं बघितलीय तसली बाई?”

मी गेले. शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरून रडले, इतका तो चांगला होता. घरी आले तर मुलींची वेणीफणी झालेली, भात उतरलेला, माझ्यासाठी चहा झाकून ठेवलेला. मला तेव्हा तिसऱ्यांदा दिवस गेले होते. पेन्सिल घेतली. गोष्ट खरी लिहिली. कामं, गाणी — खरी. ‘शेवट’ या शब्दापाशी पेन्सिल थांबली.

आणि मी लिहिलं: लोक तिच्या दारात थुंकतात. दुसरा नवराही तोंड फिरवतो. ती विहिरीत उडी टाकते. शेरा: ब्यासर.

का? घरकामाला हात हवा होता म्हणून? तेही होतं, नाही कशाला म्हणू. पण खरं कारण त्याहून हलकं आहे. ती गेली असती तर माझी वही कुणी वाचली असती?

वन्संनी ते पान दोनदा वाचलं. विचारलं, “विहीर कशी दाखवलीय गं?”

मी म्हणाले, “खोल.”

“मग नको म्हणावं अण्णाला.” अण्णा म्हणजे आमचे हे.

झालं. एवढ्यात झालं. मास्तरांनी दुसरीकडे लग्न केलं. वन्संनी माझं तिसरं बाळंतपणही काढलं, मुलींच्या मुलांनाही न्हाऊ घातलं. लोक म्हणतात, नणंद-भावजय असाव्यात तर अशा. म्हणू देत. मी मान खाली घालते, आणि लोकांना तो माझा लाजरेपणा वाटतो.

सासूबाई गेल्या. घरात टीव्ही आला, आणि वन्सं पहिल्यांदा सिनेमे बघू लागल्या. एका रविवारी दुपारी तोच सिनेमा लागला. मी बाहेर जायला उठले, तर म्हणाल्या, “बस की. तुझा बघितलेला आहे.” बसले. गोष्ट माझ्या वहीबरहुकूम चालली होती. शेवट जवळ आला, आणि लाईट गेली.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. शब्द जिभेवर होता.

वन्सं गुडघ्यावर हात टेकून उठल्या. “राहू दे. शेवट तुझ्या वहीत आहेच.” आणि तांदूळ निवडायला गेल्या.

म्हणजे दोनदा. पहिल्यांदा लिहून, दुसऱ्यांदा गप्प बसून. लहान होते, घाबरले होते, काळच तसा होता — यातलं काहीही मी म्हणणार नाही. मी चांगलं लिहीत होते, आणि चांगलं लिहिता येतं म्हणूनच तिला खरं वाटलं. माझ्या वहीत माफीचा रकाना नाही. आता या वयात आखणार नाही.

जुन्या पानावर खाडाखोड करणार नाही. नवं पान घेतलं आहे.

गोष्ट: मागे लिहिली तीच. कामं: तीच. गाणी: तीच.

शेवट: विहीर नाही. त्या सिनेमात विहीरच नाही. ती नव्या घरी आधी जेवायला बसते आणि नवरा तिला वाढतो. मीठ वाढायला विसरतो. ती हसते. तिथे संपतो.

शेरा: भेश.

वन्सं बाहेरच्या खोलीत शेंगा फोडताहेत, आवाज येतोय. वही नेहमीच्या फळीवर ठेवते आहे, त्यांचा हात पोचतो तिथे.