तिसरी गाठ

माझा स्वभावच संशयी. भाजी खारट झाली तरी मी आधी मिठाच्या पुड्यावर संशय घेते. त्यामुळे इंटर्नशिपमध्ये, वाशिम जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात, मी घातलेले टाके सुटायला लागले तेव्हा स्वतःच्या बोटांकडे मी पाहिलंच नाही.

सोयाबीन सोंगणीचे दिवस होते. विळ्यानं कापलेले हात रोज यायचे. मी टाके घातलेल्यांपैकी तिघांची जखम दोन-तीन दिवसांत उघडली. मोठे डॉक्टर म्हणाले, "आणखी एक सुटली, तर नीडल होल्डरला हात लावायचा नाही." मला सर्जन व्हायचं होतं. ते वाक्य फार लागलं.

माझा संशय होता ड्रेसिंगच्या सिस्टरवर. पन्नाशीची, कमी बोलणारी बाई. ती मला पाण्यात पाहते असं मी धरूनच चालले होते. माझ्या गाठी मारून झाल्या की म्हणायची, "तुमी जा, कागद लिहा. दोरे मी कापते." आणि पडदा ओढून घ्यायची. दोरे कापायला पडदा कशाला? एकदा मी कान लावला, तर आत नीडल होल्डर, म्हणजे टाक्याची सुई धरायचा चिमटा, मिटल्या-उघडल्याचा आवाज. दोरे कात्रीनं कापतात. बाई माझ्या गाठी सैल करते, अशी माझी खात्री पटली. मी एक वही केली, उघडलेल्या तिन्ही जखमांच्या तारखा रजिस्टरवरून तीत उतरवल्या आणि रोज कोणाला टाके घातले, सिस्टर पडद्याआड किती वेळ होती, सगळं टिपू लागले. मग एका सकाळी तक्रारीचा कागद मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून आले.

त्याच दिवशी शिरपूरचे एक म्हातारे टेलर चाचा आले. कात्री तळहातात घुसली होती. हात बधिर केला, टाके घालायला घेतले. चाचा माझ्या हाताकडे टक लावून पाहत होते.

"मॅडम, बुरा नका मानू. दोऱ्याचे दोनी येढे एकाच बाजूनं काहून घालून राह्यल्या?"

सिस्टरनंच यांना पढवून पाठवलं असणार, असं मला वाटलं. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोनी कायले सांगते? जिंदगी गेली दोऱ्यात. एक येढा इकडून, एक तिकडून. नाही तं गाठ सरकते."

उरलेल्या दोऱ्यानं मी खाटेच्या दांडीला माझ्या पद्धतीनं गाठ मारली आणि ओढली. सरकली. चाचांच्या पद्धतीनं मारली. जागची हलली नाही. हीच गाठ परीक्षेत चित्र काढून मी दाखवली होती. हातांना ती कधी आलीच नव्हती.

तेवढ्यात सिस्टर आली. "तुमी जा, कागद लिहा." मी हलले नाही. ती जरा थांबली. मग तिनं कात्रीच्या आधी नीडल होल्डर उचलला, माझ्या प्रत्येक गाठीवर उलट्या बाजूनं एक वेढा घालून तिसरी गाठ बसवली आणि त्यानंतर दोरे कापले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मला सांगितलं का नाही?"

"एक डाव सांगतलं होतं. तुमी म्हनल्या, मले शिकवू नका. मंग पेशंटसमोर कायले बोलू?"

मी वही उघडली. उघडलेल्या तिन्ही जखमांसमोर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'आज सिस्टर रजेवर. मुद्दाम असणार.' नाचता येईना अंगण वाकडं, हे मी लहानपणापासून दुसऱ्यांना ऐकवत आले होते. मला स्वतःची शरम वाटली.

मी डॉक्टरांच्या खोलीत धावले. तक्रारीचा उघडा कागद त्यांच्या हातातच होता. "सर, गाठ माझीच चुकत होती," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. त्यांनी कागद फाडला, पण मला सोडलं नाही. "उरलेला महिना टाके बंद. दांडीला रोज पन्नास गाठी मारायच्या. सिस्टर तपासतील."

ती रोज ड्युटी संपताना यायची आणि एकेक गाठ ओढून पाहायची. सरकली तर नवा दोरा माझ्या हातात द्यायची. शेवटच्या दिवशी एकही सरकली नाही, तेव्हा म्हणाली, "आता तुमचे दोरे तुमीच कापा."

आज मी सर्जन आहे. त्या कागदावर काय लिहिलं होतं हे तिला कळलं होतं का, मला ठाऊक नाही. आयुष्यात एवढा एकच संशय मी फेडून घेतलेला नाही.