अण्णांची जांभळी बेलवांगी

अण्णा गेल्याचे मला छापखान्यात कळले. सकाळचे नऊ वाजले होते, अंक अर्धा जुळून झाला होता. मी चार ओळी लिहून जुळाऱ्याच्या हाती दिल्या : नाव, वय, गिरणीतली जॉबरची नोकरी, मागे पत्नी. मजकूर बरोबर होता. टोमॅटोंचा उल्लेख त्यात नव्हता...

अण्णा आमचे शेजारी. दोन्ही परसांमध्ये कमरेइतकी भिंत. नहाणीचे पाणी पाटाने नेऊन त्यांनी मागे एक वाफा केला होता आणि त्यात ते टोमॅटो लावीत. ते त्यांना बेलवांगी म्हणत. बी केमच्या एका स्टेशनमास्तरांनी दिलेले. फळ आधी हिरवे, मग पिकल्या जांभळासारखे काळपट जांभळे. आमच्या गल्लीत तेव्हा तांबडे टोमॅटोही बऱ्याच घरांत शिजत नसत. हे तर नासलेलेच वाटत. अण्णा भिंतीवरून एखादे माझ्यापुढे धरीत. “खाऊन बगा की, पेपरवाले. मेला तर उद्याची बातमी झाली.” मी खाल्ले. पुढे दर वर्षी खात आलो.

सगळ्यांत चांगल्या फळाच्या देठाला ते गिरणीतल्या सुताचा एक धागा बांधीत. ते बियाण्याचे, त्याला त्यांच्या पत्नी गंगाक्काही हात लावीत नसत. फळ मऊ पडले की त्यातला गर जुन्या वर्तमानपत्रावर पसरून सावलीत वाळवायचा. बिया कागदाला घट्ट चिकटत. कागदाची घडी कोनाड्यात. मृगाच्या सुमाराला त्याचे तुकडे बियांसकट मातीत.

गेल्या वर्षी त्यांनी असा एक कागद मला दिला. आपल्याकडच्याला काही झाले तर एक दुसरीकडे असावा, एवढेच म्हणाले. घरी येऊन पाहिले तर त्या पानावर मी लिहिलेला वृत्तांत होता, आणि त्याची प्रत माझ्या फायलीत नव्हती. मी चाकूने बिया खरवडून काढल्या, कागद कापून फायलीला लावला. बिया केराबरोबर गेल्या. त्यांच्या कोनाड्यात आणखी आहेत, असा माझा हिशेब होता.

त्या पावसाळ्यात कोनाड्याला वाळवी लागली, कागद बियांसकट गेले. आधी पेरलेल्या रोपांपैकी एकच जगले. चैत्रात त्याच्यावर एकच फळ उरले होते, धागा बांधलेले. अण्णा तेव्हा अंथरुणाला खिळले होते, अन्न जात नव्हते. मी भेटायला गेलो, तेव्हा गंगाक्का ते फळ काढून घेऊन आल्या होत्या. त्याचा गर कागदावर पसरायचा होता. अण्णांनी माझ्याकडे पाहिले.

“तुमच्याकडचा कागद हाय न्हवं?”

“आहे,” मी म्हणालो.

“मग हे काप की. तोंडाला चव तरी येईल.”

गंगाक्कांनी धागा सोडला, फळ चिरले, मीठ लावले. अण्णांनी दोन फोडी खाल्ल्या. उरलेल्या माझ्या ताटलीत आल्या. मी त्या बियांसकट खाल्ल्या. त्यानंतर पाचव्या दिवशी ते गेले.

याला आता पाच आठवडे झाले. परवा गंगाक्कांनी भिंतीवरून सांगितले की वाफा उकरून ठेवला आहे, कागद तेवढा द्या. मी फाईल उघडली. कात्रणावर बियांच्या जागी फिकट गोल डाग होते. काही ठिकाणी चाकूने अक्षरेही गेली होती. बी एकही नव्हते. मी कात्रण घेऊन गेलो आणि काय केले ते सांगितले. त्यांनी कागद उजेडात धरला. त्यांना वाचता येत नाही.

“कशाची बातमी हुती ही?”

“म्युनिसिपालिटीच्या सभेची.”

“काय ठरलं हुतं?”

मला आठवेना. वाचून पाहिले. सभा तहकूब झाली होती.

त्यांनी कात्रणाची घडी घातली आणि कोनाड्यात ठेवली. तिथे सुताचा तो धागा होता. मग अंघोळ आटोपून त्यांनी नहाणीचा बोळा काढला. पाणी पाटाने रिकाम्या वाफ्यात गेले. आजही सकाळी गेले; भिंतीपलीकडून मला ते ऐकू येते.