लिहिता येतं, वाचता येत नाही

"सर, इथं तुमचं नाव आणि गाव लिहा," डॉक्टर म्हणाले. मी लिहिलं. छत्तीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो, अक्षराची काळजी मला कधीच नव्हती. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. "आता वाचा."

मी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. काहीतरी लिहिलेलं होतं एवढं दिसत होतं. शेजारी बायको होती, तिनं तोंडाला पदर लावला.

"ऑक्सिपिटल स्ट्रोक," डॉक्टर म्हणाले. म्हणजे मेंदूच्या मागच्या भागात रक्ताची गुठळी अडकली. त्यातून आलं 'प्युअर अलेक्सिया'. हात लिहितो, डोळ्यांना दिसतं, पण दिसलेलं अक्षर कुठलं हे सांगणारी मेंदूतली वाट तुटलेली असते.

तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर माझ्यासारखा गाढवपणा करू नका. त्या दिवशी सकाळी पेपर उघडला तर कानडीत छापल्यासारखा दिसला. जेवताना भाजी वाढलीच नाही म्हणून मी बायकोवर खेकसलो. भाजी ताटात उजवीकडे होती, मला उजवी बाजूच दिसत नव्हती. आणि मी कुठं गेलो? शिरूरच्या बाजारपेठेत चष्मेवाल्याकडे! त्याच्याशी हुज्जत घालण्यात दुपार गेली. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. त्याचं खापर फोडायला दुसरं कुणी नाही.

आता त्या कादंबरीचं सांगतो. निवृत्तीनंतर मी आमच्या वाचनालयाचं वाचक मंडळ चालवत होतो. पुस्तक परत करताना प्रत्येकानं वहीत चार ओळी अभिप्राय लिहायचा, असा माझा नियम. त्या वर्षी मी सगळ्यांना एक जुनी, नावाजलेली कादंबरी वाचायला लावली होती. नाव सांगत नाही, नाहीतर परत भांडणं लागतील. लढाईच्या काळातल्या समाजावरची, पण लढाई कुठंच नाही. नायक नाही, प्रकरणं नाहीत. पत्रं, दवंड्या, बाजारातल्या गप्पा. एखादा माणूस बोलायला लागतो आणि वाक्य अर्ध्यावर सोडून नाहीसा होतो, पुन्हा येतच नाही.

लोक वैतागले. पाबळच्या एका वर्कशॉपवाल्यानं लिहिलं, "सुटे पार्ट सगळे दिले, जोडायचं कसं ते दिलं नाही." वडगाव रासाईच्या एका आप्पांनी लिहिलं, "असलं बोलणं आठवडे बाजारात उभं राहिलं की फुकट ऐकू येतं." आणि मी? मी त्या अभिप्रायांखाली लाल पेनानं शेरे मारले. मार्क दिले, दहापैकी! मास्तरकी अंगातून जात नाही ती नाहीच.

मंडळानं त्या अभिप्रायांवर मला लेख लिहायला सांगितला होता. तो अर्धा झाला असताना हे झालं.

दवाखान्यातून सुटल्यावर मुलगी मला महिनाभर दौंडला घेऊन गेली. तसा महिना वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. स्टेशनावर फिरायला न्यायची, आणि ज्या स्टेशनावरून हजारदा गेलो त्याच्या नावाची पाटी मला लागायची नाही. स्पीच थेरपिस्ट बाई तळहातावर बोटानं अक्षर गिरवून घ्यायच्या. बोट फिरलं की 'क' कळतो, नुसता बघून कळत नाही. एका ओळीला दहा मिनिटं. ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असायची. मी एकदा वही भिरकावून दिली. बाई म्हणाल्या, "काका, थोडं सुधारेल. पहिल्यासारखं होईल असं मी सांगणार नाही." डॉक्टरही तेच म्हणाले होते. जगावंसं वाटत नव्हतं, हे उघड सांगतो.

शिरूरला परतल्यावर बायको मला अभिप्रायांची वही वाचून दाखवायला लागली. शेऱ्यांसकट. एक अभिप्राय निमोण्याच्या सुनंदाचा होता. कंपनीत पॅकिंगला जाते, पस्तिशीची असेल. तिनं लिहिलं होतं, "माणसं मधेच गायब होतात. पुढं काय झालं कुणीच सांगत नाही. मला भीती वाटली. अर्धं वाचून ठेवलं."

खाली माझा शेरा. बायकोनं तो सावकाश वाचला. "भीती वाटणे हा अभिप्राय नव्हे. पुन्हा वाचा. दहापैकी दोन."

वही मिटून ती म्हणाली, "अहो, तिचा नवरा गेलाय. माहीत होतं का तुम्हाला?"

मला माहीत नव्हतं. मी कुणाला कधी काही विचारलंच नव्हतं.

निरोप धाडला. सुट्टीच्या दिवशी सुनंदा आली. मी म्हणालो, "माझं चुकलं." ती एवढी अवघडली की पाण्याचा तांब्या हातात धरूनच बसली. मग बोलली, "मालकांना त्या करोनाच्या साथीत दवाखान्यात आत नेलं, सर. फोनवर म्हणाले, बरं हाय, उद्या बोलतो. त्याच्या पुढं कुणी काय सांगितलंच न्हाई. चार दिसांनी थेट मयताचा कागद दिला हातात. आन् ह्या पुस्तकात तर पानोपानी तसंच."

मी त्या कादंबरीवर तीन भाषणं दिली होती. रचना, प्रयोग, निवेदनतंत्र! ती कादंबरी मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली, आणि तेव्हा मला तिची एक ओळ वाचता येत नव्हती. लाज वाटली. रडूही आलं.

"जिथं सोडलंस तिथून वाचून दाखवशील का मला?" मी विचारलं. ती म्हणाली, "मला भ्या वाटतं अजून." मी म्हटलं, "मलाही." मग तिनं वाचलं. अडखळत, मधे थांबून, अकरा पानं. आता ती सुट्टीला येते. पुस्तक अजून संपलेलं नाही.

अर्ध्यावर राहिलेला तो लेख आता होणार नाही. त्याच्या जागी हे लिहिलं. रेघांचं पॅड मांडीवर घेऊन, माझ्याच हातानं. यात काय उतरलंय ते मात्र मला वाचता येत नाही. म्हणून छापायला देण्याआधी सुनंदाकडून वाचून घेतलं.

तिनं सगळं वाचलं. शेवटाला येऊन तिनं मान वर केली.

"काय गं, चुकलंय का काही?"

"सर, हितं तुम्ही लिवलंय, वाचन हळूहळू परत येईल, धीर सोडू नका. डॉक्टर तसं म्हणाले व्हते व्हय?"

"नाही म्हणाले."

"मंग ह्यो कागद ज्याच्या घरी जाईल, त्यो वाट बघत बसंल की."

पेन माझ्या हातात होतं. ती ओळ कुठं आहे ते मला दिसेना. सुनंदानं माझं बोट धरून ओळीच्या सुरुवातीला नेऊन ठेवलं, आणि मी ती खोडली.