स्थळ कधीच पक्कं नसतं!

आता हसणार असाल तर कपबशी आधी खाली ठेवा. माझंच लग्न मी माझ्याच तोंडानं कसं मोडलं, ते सांगतोय!

मी कर्जतला मास्तर. मुंबईत बी.एस्सी. करताना क्वांटमचं, म्हणजे अणूच्या पोटातलं नवं गणित डोक्यात शिरलेलं. ते गावाला शिकवल्याशिवाय मला चैन कुठलं? मारुतीच्या देवळात व्याख्यान ठेवलं.

त्याच आठवड्यात पळसदरीची यमुना बघून आलो होतो. अहो, बघितली काय आणि झोपच उडाली! आमचा होकार घ्यायला तिचे मामा येणार होते. त्यांना मात्र मी कधी पाहिलेलं नव्हतं.

व्याख्यानाला अगदी पुढे एक पटकेवाले गृहस्थ बसले. मी दणक्यात सुरुवात केली, "मंडळी, स्थळ कधीच पक्कं नसतं!"

कणाची जागा हो! जागा आणि वेग दोन्ही एकदम नेमके कळत नाहीत, एवढंच. पण साधं 'जागा' म्हणेन तर मी मास्तर कसला?

पटकेवाले ताडकन उठले. "पक्कं नाय? मंग बघायचं तरी कशाला?"

वा! कर्जतात कुणीतरी प्रश्न विचारला! मी हरखलोच. "बघण्यानंच तर घोटाळा होतो! वस्तू इतकी बारीक, की नुसत्या उजेडानं तिला धक्का बसतो."

"बारीक? चांगली धडधाकट हाय!"

"तुम्हाला वाटते तशी. पण ती एकाच वेळी दोन दारांतून जाते!"

"काय बोलता मास्तर! आमच्या घराला दारच एक हाय!"

मी कुठला ऐकतोय! अंगात आलं होतं ना!

"त्ये ऱ्हाऊ द्या. हाय का नाय, येवढं सांगा."

"इथंच जुनं तर्कशास्त्र लंगडं पडतं! हाय बी, आन नाय बी!"

"मंग आमचं नायच! यमुनेला तसंच सांगतो," म्हणत ते बाहेर पडले आणि छकड्यात बसले.

यमुना? माझ्या हातातला खडूच गळाला.

"मामा! ओ मामा! हाय! माझं हायच!" असं बोंबलत, धोतराचा सोगा मुठीत धरून, भर बाजारातून मी छकड्यामागे सुटलो. पुलाशी बैल थांबले. मी नाही थांबलो.

लग्न झालं, काळजी नको. पण अजून प्रत्येक कार्यात मामा पाहुण्यांना माझी ओळख करून देतात, "हे आमचं जावाय. स्थळ, पुलावर छकड्यातल्या पेंढ्यात. आन वेग, धोतर सुटंपतुर!"

दोन्ही एकदम, आणि अगदी नेमके! सांगा, आता कुठल्या तोंडानं शिकवू क्वांटम?