तिजोरीखोलीची तिसरी किल्ली

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. तरीही हे लिहितोय. हल्ली बँकेत म्हणे नोकरांना विचारतात, खूश आहात का? ऐकून हसू येतं... आम्हाला साधी रजा मिळायची मारामार होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली गोष्ट. कराडला एका बँकेत मी कॅशियर होतो. तिजोरीखोलीचं लोखंडी दार ओढलं की आपोआप बंद व्हायचं, पण उघडायला दोन किल्ल्या लागायच्या — एक एजंटसाहेबांची, म्हणजे आमच्या मॅनेजरची, आणि दुसरी माझी. आतून उघडायची सोय नव्हती. तासगावला आई अंथरुणाला खिळलेली. रजा मागितली की साहेबांचं एकच, "अहो पाटील, तुमची किल्ली सांभाळणार कोण?" अशी चीड यायची म्हणून सांगू...

त्या दुपारी तारणाच्या दागिन्यांच्या थैल्या ठेवायला मी आत गेलो. साहेब कुणाशी तरी बोलत आले आणि खोली रिकामी समजून त्यांनी दार ओढलं. झालं. माझी किल्ली माझ्याच करगोट्याला — म्हणजे बाहेरून कुणाच्या बापाला दार उघडता येणार नव्हतं. बोंबललो, दारावर मुठी आपटल्या. अंधारात जीव गुदमरायला लागला. आता आई दिसत नाही, एवढंच डोक्यात होतं. तिला हाका मारत खाली बसलो.

आणि दार उघडलं. साहेब पांढरेफटक पडले होते.

"तुम्ही आत कसे? आत्ताच माझ्या टेबलावर किल्ली आपटून, 'आईकडं चाललो, नोकरी गेली खड्ड्यात' म्हणून निघून गेलात ना? म्हणून तर मी खोली तपासायला आलो."

दाराला दोन्ही किल्ल्या लटकत होत्या. मी कंबर चाचपली. माझी जागेवरच होती. बँकेत तिसरी किल्ली कधीच नव्हती.

साहेबांनी तिथल्या तिथं रजा दिली. पेट्रोलच्या टंचाईमुळं कोळशावर चालणारी मोटार विट्याच्या अलीकडं बंद पडली. दुसऱ्या दिवशी घरी पोचलो, तर आईचं सगळं उरकलेलं.

बहीण माझ्याकडं बघेना. मग म्हणाली, "दादा, काल सांजंपतूर तिच्या उशाला बसलास, तुझ्या हातनं पेज प्याली, लय शांत गेली. आन् मातीच्या टायमाला कुटं गेलास रं?"

पुढं रिटायर होईपर्यंत त्याच बँकेत नोकरी केली. तो कोण होता, मला आजही कळलेलं नाही. आईला मुलगा भेटला. मला मात्र आई भेटली नाही.