कॅमेऱ्यातल्या सासूबाई

नणंदेने अमेरिकेहून डिजिटल कॅमेरा पाठवला आणि तो थेट सासऱ्यांच्या ताब्यात गेला. आयुष्यभर रोलच्या कॅमेऱ्याने फोटो काढलेला माणूस. ‘बाबा, यात रोल नसतो, हवे तेवढे काढा,’ असं मी कितीदा सांगितलं, पण एकेका फोटोमागे त्यांचं नमनालाच घडाभर तेल जायचं. सासूबाईंना उजेडाकडे तोंड करून उभं करायचं, पदर नीट करायला सांगायचं, मग स्वतः दोन पावलं मागे सरकायचं. तेवढ्यात सासूबाई वैतागायच्या. “अहो, उरका आता. गॅसवर दूध आहे.”

त्यामुळे त्या दिवाळीत सासूबाईंचे मोजकेच फोटो निघाले. एक रांगोळी काढताना, एक शंकरपाळे तळताना आणि एक ओट्याशी उभ्या राहून हसताना. हात वर करून ‘पुरे’ म्हणता म्हणता त्यांना हसू आलं होतं. जुन्या अल्बममध्ये त्या कुणाच्या तरी लग्नात, मागच्या रांगेत, गंभीर चेहऱ्याने उभ्या असायच्या. हसणाऱ्या सासूबाई फक्त या कॅमेऱ्यात होत्या.

त्यानंतरची संक्रांत त्यांनी पाहिली नाही. दुखणं कळलं तेव्हा उशीर झाला होता, आणि महिन्याभरात सगळं आटोपलं. ‘सवाष्ण गेल्या, भाग्याच्या’ असं जो तो म्हणत होता. मला त्या ‘भाग्याच्या’ शब्दाचा राग आला. आमचं दोघींचं रोज वाजायचं आणि रोज मिटायचं. त्यांच्यामागे भांडायला कुणी उरलं नाही म्हणून मी स्वयंपाकघरात एकटीच रडले आहे.

फोटो कॅमेऱ्यातच राहिले. घरात कॉम्प्युटर होता, केबल होती. मी म्हणायची, “बाबा, द्या इकडे. कॉम्प्युटरवर घेऊन ठेवते.” ते म्हणायचे, “राहू दे. घाई काय आहे?”

माझा स्वभाव फटकळ. एकदा मी चिडलेच. तेव्हा कुठे त्यांनी मनातलं सांगितलं. “शेजारच्या भाईंनी अंबाजीच्या यात्रेचे फोटो कॉम्प्युटरवर घेतले. मग मी त्यांचा कॅमेरा बघितला, तर रिकामा.”

“त्यांनी मुद्दाम पुसले असतील, बाबा.”

“असतील. पण रिकामा होता ना?”

दुपारी जेवणं झाली की बाबा चष्मा लावून आरामखुर्चीत बसायचे, कॅमेरा सुरू करायचे आणि सासूबाईंना बघायचे. तिथून त्या हलल्या तर कुठे शोधायचं, ही त्यांची खरी भीती होती. ती कळल्यावर मी केबलचं नाव काढलं नाही.

वर्षभर घरात सण नव्हते. वर्षश्राद्ध झालं, आणि मग दसऱ्याच्या आदल्या दिवशीची खंडेनवमी आली. आमचे पूर्वज बडोदे संस्थानच्या फौजेत होते. त्यांची एक तलवार घरात आहे. तिने आता कांदासुद्धा चिरला जायचा नाही, पण तिची पूजा चुकत नाही. तिच्याबरोबर विळी, कात्री, हातोडी आणि स्कूटरची चावी हेही पाटावर येतात. मांडणी नेहमी सासूबाईंची असे. त्या वर्षी बाबा म्हणाले, “मी करतो. तू नैवेद्याचं बघ.”

मी पुरणाची वाटी घेऊन बाहेर आले आणि दारातच थांबले. पाटावर तलवारीशेजारी कॅमेरा ठेवला होता. तो सुरू होता, आणि त्याच्या पडद्यावर सासूबाई हसत होत्या. बाबा अनामिकेने त्यांच्या कपाळाला कुंकू लावत होते. सासूबाई हळदकुंकू कोरडंच वाहायच्या. बाबांनी ते चिकटून राहावं म्हणून पाण्यात कालवलं होतं. ओघळ पडद्यावरून उतरला आणि बटणांच्या फटीत शिरला. कॅमेऱ्याने बारीकसा आवाज केला आणि पडदा काळा झाला.

बाबा बटण दाबत राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “सूनबाई, ती गेली का गं?”

मी ओरडणार होते. पण ते पुढे म्हणाले, “सवाष्णीचं कपाळ सणाला कोरडं कसं ठेवायचं?”

मी कॅमेऱ्याचं झाकण उघडून मेमरी कार्ड काढलं. कडेला लाल डाग होता. तो कापसाने पुसला, आणि कार्ड वाचायचं यंत्र मागायला शेजारी धावले. “लई जाओ ने, एमां शुं!” ‘घेऊन जा की, त्यात काय!’ म्हणत शेजारच्या गुजराती भाभींनी ते हातात ठेवलं. येईपर्यंत बाबा कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसले होते. पूजा तशीच अर्धी पडली होती.

कार्ड लावलं. काहीच झालं नाही. काढून, पदराने पुसून पुन्हा लावलं, तेव्हा चौकट उघडली आणि त्यात सगळे फोटो होते. माझा जीव भांड्यात पडला. मी कॉपी केले. पडद्यावर एका पिवळ्या फोल्डरमधून दुसऱ्यात कागद उडत जाताना बाबा श्वास रोखून बघत होते.

“तिथले गेले?”

मी कार्ड उघडून दाखवलं. “आहेत. आता दोन्हीकडे आहेत, बाबा.”

त्यांनी खुर्चीत पाठ टेकली. खूप दिवसांनी मी त्यांना असं सैल बसलेलं पाहत होते. मग उत्साहाने म्हणाले, “तो हसरा दाखव. चांगला मोठा कर.”

मी केला. सगळ्या पडद्यावर सासूबाई आल्या. वर केलेल्या हातावरच्या बांगड्या घसरून पार कोपराशी जमल्या होत्या. गळ्याची हाडं वर आली होती, डोळ्यांखाली काळं होतं. चेहरा हसत होता, पण दुसऱ्या हाताने त्यांनी ओटा घट्ट धरला होता. त्या हाताने तळलेले शंकरपाळे आम्ही भाऊबीजेपर्यंत खात होतो, आणि आमच्यापैकी कुणालाही काही दिसलं नव्हतं.

बाबा खुर्चीतून पुढे वाकले. मग पडद्याकडे बघत हळूच म्हणाले, “अगं, सांगायचं तरी.”

मला त्यांच्याकडे बघवेना. “बंद करते, बाबा.”

“बंद नको,” ते म्हणाले. “लहान कर. कॅमेऱ्यात होती तेवढी.”

मी चौकट लहान करत गेले. बांगड्या दिसेनाशा झाल्या, मग ओट्यावरचा हात, मग डोळ्यांखालचं काळं. बाबा “बस” म्हणाले तेव्हा सासूबाई पुन्हा धडधाकट झाल्या होत्या.